देवीच्या आधीचा घास

चुलीवर भात रटरटत होता आणि सुलक्षणाच्या पोटात एक वाक्य. भाताला उकळी कधी येईल ते सांगता येत होतं, वाक्याचं नव्हतं. गेल्या मंगळवारपासून ती ते सांभाळत होती. भांडी घासताना, चपात्या लाटताना त्यातले शब्द इकडचे तिकडे करून पाहत होती. आज नव्याचा दिवस. आज ते बाहेर पडणार होतं.

भात झोडून, गिरणीतून तांदूळ करून आणला की पहिलं ताट वाडीच्या जननीदेवीला जायचं. त्याआधी नव्या तांदळाचा दाणा ना घराच्या तोंडात, ना बाजारात. कणग्या गळ्यापर्यंत भरलेल्या आणि घर जुनाच तांदूळ खातंय, जुनाच विकतंय, असं दरवर्षी चालायचं. ताट उचलायचं थोरल्या पातीनं, म्हणजे थोरल्या भावाच्या घरानं. पूर्वी सासरे उचलायचे, ते गेल्यापासून सुलक्षणाचा नवरा ज्ञानू. मागं पाण्याचा तांब्या घेऊन सासऱ्यांचे धाकटे भाऊ चिमाजीतात्या. देवळातून आल्यावर पहिला घास मात्र तात्यांचा, कारण वयानं आता तेच मोठे. तात्यांनी घास घेऊन मान हलवली की नवं झालं. मग खा, विका, वाटा.

यंदा त्यात आणखी एक गोष्ट होती. शिवऱ्याला हमरस्त्याच्या कडेला घरचा पत्र्याचा गाळा होता, तांदूळ विकायचा. नवं झालं की त्याची किल्ली दोघी सुनांपैकी एकीच्या हातात कायमची देणार, असं सासूनं, सगुणाबाईनं, आठ दिवसांपूर्वी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. किल्ली कमरेच्या चंचीत होती. बाई हलली की वाजायची. सुलक्षणाला तो आवाज झोपेतही ऐकू यायला लागला होता.

गाळा आधी तिचाच. पाटीवरची ‘अस्सल इंद्रायणी’ ही अक्षरं तिनं रंगाऱ्यासमोर उभं राहून काढून घेतलेली. लेकीच्या दहावीच्या वर्षी ती धाकट्या जावेला म्हणाली होती, “सोनिया, दोन म्हैनं तू बस.” लेक आता कॉलेजला होती. ते दोन महिने अजून संपले नव्हते.

माल चांगला असला की गिऱ्हाईक आपल्या पायानं येतं, असं सुलक्षणाचं मत. ती पदर सारखा करून पोत्यांमागं बसायची. गाडी थांबायची, काच खाली व्हायची, आतली बाई विचारायची, “कसा दिला?” ही भाव सांगायची. काच वर जायची. एवढंच. पण ती वर गेलेली काच सुलक्षणाच्या छातीत दिवसभर अडकून राहायची. दुसऱ्या गाडीला भाव सांगताना आवाज निम्मा व्हायचा. तिसऱ्या गाडीला ती बघायचीच नाही.

आणि ही सोनिया. तांदळाची तपेली चुलीवर चढवून रस्त्याच्या कडेला हात वर करून उभी. “ताई, घेऊ नका! नुसता वास घ्या आन् जावा!” काच वर गेली तरी हिचा हात खाली नाही, तो पुढच्या गाडीकडं वळलेला. रविवारी संध्याकाळी तीच गाडी महाबळेश्वरहून परत येताना हिनं रंगावरून ओळखलेली. “काय सायेब, परवा न्हाई म्हनला व्हता, आता तरी व्हय म्हना!” साहेब हसायचा. हसला की खाली उतरायचा.

“तुला काही वाटत न्हाई?” सुलक्षणानं एकदा विचारलं होतं. “लोकं तोंडावर न्हाई म्हनत्यात ते?”

“न्हाई म्हंजी आज न्हाई, अक्का. रस्ता त्योच, त्यो बी त्योच. जातोय कुठं?”

लोचट, असं सुलक्षणा मनात म्हणाली. पण संध्याकाळी टेम्पोतून रिकामी पोती उतरायची, तेव्हा तिचे डोळे त्या पोत्यांवरच. सासूच्या हातचा पहिला कप आता सोनियाला जायचा. नवरेही तसेच. धाकटा बंडू टेम्पो धुताना गाणी म्हणायचा, आणि ज्ञानूसुद्धा एकदा जेवताना म्हणून गेला, “सोनियाला जमतंय बाई.” त्या रात्री त्याला आमटीत मीठ जास्त लागलं.

भोरला इंद्रजित नावाचा एक केटरर होता. लग्नाच्या हंगामात त्याच्याकडं रोज पोत्यांनी तांदूळ शिजायचा. सोनिया त्याच्याकडं वरचेवर खेटे घालायची आणि तो प्रत्येक वेळी तिला वाटेला लावायचा. जगात तेवढा एकच माणूस असा होता, ज्याला न बघता सुलक्षणा मनातून आशीर्वाद द्यायची.

मग तो मंगळवार आला. सुलक्षणा बंडूबरोबर पोती टाकायला शिवऱ्याला गेली. बंडू डिझेल भरायला, सोनिया शेजारच्या चहाच्या टपरीवर पाणी आणायला. गाळ्यावर ती एकटी, समोर झाकलेली तपेली. एवढं काय शिजवती ही? तिनं झाकण काढलं. खोट काढायची म्हणूनच एक चिमूट तोंडात टाकली. भात जिभेवर लोण्यासारखा बसला. जुना भात असा बसत नाही. तिला कळलं, आणि कळूनही हात परत तपेलीत गेला.

*

ताट वाढून झालं. केळीच्या पानावर भाताची मूद, वर तुपाची धार, बाजूला गूळ. ज्ञानूनं टोपी नीट केली. तात्यांनी तांब्या घेतला. सगुणाबाई उंबऱ्यात उभी राहिली आणि चंची वाजली.

“ताट उचलायच्या आधी एक सांगायचं हाय,” सुलक्षणा म्हणाली.

पाठ केलेलं वाक्य लांब आणि गोड होतं. त्यात ‘माझ्या मनात काही नाही’ असंही होतं. तोंडातून आलं ते असं:

“हिनं नवा तांदूळ शिजवला. शिवऱ्याला. गाडीवाल्यांना खायला घातला.”

तात्यांनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

“सोनिया?” सगुणाबाईनं विचारलं.

सोनिया खाली बघत नव्हती, हेही सुलक्षणाला खटकलं. “व्हय आत्याबाई. गिरणीतनं दोन वंजळी घेतला व्हता. नव्याचा वास लई दुरून येतो, गाड्या थांबत्यात. इकला न्हाई म्या. इकला जुनाच. नवा नुसता चाखवला.”

“चाखवला म्हंजी कुनाच्या तोंडात गेला?” तात्या म्हणाले. “देवीच्या?”

“चुकलं तात्या.”

“तरी मी म्हनत व्हतो,” बंडू म्हणाला आणि बायकोनं बघितल्यावर काय म्हणत होता ते विसरला.

सगुणाबाई धाकट्या सुनेकडं बघतच नव्हती. तिची नजर थोरलीवर होती. दोन सुना म्हणजे चुलीचे दोन दगड, तिसरा आपण, असं ती समजायची. कुठला दगड किती तापलाय हे तिला हात न लावता कळायचं.

“तुला कसं कळलं गं, नवा व्हता?”

“वासावरनं.”

“वासावरनं.” सगुणाबाईनं मान हलवली. “झोडनीच्या धुरळ्यानं तुजं नाक चोंदलंय ते अजून मोकळं न्हाई. सकाळी दूध करपलं, सगळ्या वाडीला कळलं, चुलीपुढं बसून तुला कळलं न्हाई. आन् मंगळवारी, त्या गाड्यांच्या धुरात, तुला वास आला?”

सुलक्षणाच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“नवा का जुना ते जिभंला कळतंय,” सासू म्हणाली. “व्हय का न्हाई?”

सोनियाला हे आधीच ठाऊक होतं. मंगळवारी परत आली तेव्हा तपेलीत एका बाजूला खळगा पडलेला, वरून बोटांनी लिंपलेला. चहावाल्याच्या पोराचं काम असेल, असं तिला वाटलं. मग टेम्पोत चढणाऱ्या अक्काच्या पदराला चिकटलेलं शीत दिसलं. ती गप्प बसली. चांगुलपणा वगैरे काही नव्हतं त्यात. असा माल लगेच बाहेर काढायचा नसतो, एवढं तिला धंद्यानं शिकवलं होतं. आता सासूनं तो फुकटात वाटून टाकला, म्हणून तिला जरा चुटपुटच लागली.

“म्हंजी दोघी,” तात्या म्हणाले. “घरच्या दोन्ही सुनांनी देवीच्या आधी नवं उष्टावलं.” त्यांनी तांब्या इतक्या हळू खाली ठेवला की आपटला असता तर बरं, असं सगळ्यांना वाटलं. “मी घास घेनार न्हाई. करा तुमचं नवं तुमी.”

आणि ते अंगण ओलांडून समोरच्या आपल्या घरी गेले, ओसरीवर घोंगडी टाकून, इकडं तोंड करून बसले. रुसलेल्या माणसानं पाठ करून बसायचं असतं. तात्या तसे नव्हते. त्यांना सगळं बघायचं होतं.

*

“जुना तांदूळ परवाच संपला,” बंडू म्हणाला. “गाळ्यावर इकायचं काय? माती?”

घास नाही तर नवं नाही. नवं नाही तर भरलेल्या कणग्यांना कुणी हात लावायचा नाही. उद्यापासून शनिवार-रविवार, गाड्यांची रांग. ज्ञानू जाऊन आला. “ऐकत न्हाईत.” बंडू जाऊन आला. त्याला तात्यांनी टेम्पोचं ॲव्हरेज विचारलं, दुसरं काही नाही.

मग सोनिया गेली. सुलक्षणा खांबाआडून बघत होती. सोनियाचं ते हसणं, तो पुढं केलेला हात. “तात्या, चुकलं म्हनलं की वो. चला की, भात गार व्हतोय. नुसता वास तर घ्या!”

“मी काय गाडीवाला हाय?” तात्या म्हणाले.

सोनिया परत आली. तिचं तोंड उतरलेलं पाहून सुलक्षणाला जो गारवा मिळाला तो खरं सांगायचं तर फार दिवसांनी मिळाला. पण तो टिकला नाही.

“तू जा,” सगुणाबाई तिला म्हणाली. “आग तू लावलीस.”

सुलक्षणा गेली. ओसरीच्या पायरीशी उभी राहिली. “तात्या, चला.”

“न्हाई.”

बरोबर त्याच जागी लागलं, जिथं गाड्यांच्या काचा लागायच्या. तिनं पदर सारखा केला आणि ती माघारी फिरली. एकदा विचारलं, आता आणखी काय? तुळशीपाशी सोनिया उभी.

“काय म्हनले?”

“न्हाई म्हनले.”

“मग?” सोनिया म्हणाली. “न्हाई म्हंजी आत्ता न्हाई.”

तिच्या एक ठेवून द्यावी असं सुलक्षणाला वाटलं. त्याऐवजी ती वळली आणि पुन्हा ओसरीकडं चालायला लागली. यात चिकाटी वगैरे काही नव्हतं. सोनियाच्या डोळ्यांदेखत हरून परत जाणं जमेना, एवढंच. माणसाला दुसऱ्यांदा दार ठोठावायला काहीतरी लागतं. कुणाला पोटाची भूक पुरते, कुणाला जाऊ पुरते.

जाताना तिनं चहा नेला. तात्या म्हणाले, “नको.”

“ऱ्हाऊ दे. मी पिते.” आणि ती पायरीवर बसली.

बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की गाळ्यावर इतकी वर्षं बसून तिनं कधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं पाहिलंच नव्हतं. ती काचेकडं बघायची, वर जातेय की खाली राहतेय. आज बघायला काच नव्हती. तात्यांचंच तोंड होतं, सुरकुतलेलं, हनुवटीला वस्तरा हुकलेला. ते कुठं बघत होते? सुनांकडं नाही. भाताकडं नाही. ते ज्ञानूकडं बघत होते. समोरच्या अंगणात ज्ञानू ताटाशेजारी उभा होता, टोपी सारखी करत, मालकासारखा.

ती नजर सुलक्षणाच्या ओळखीची होती. दिवस मावळताना रिकाम्या पोत्यांकडं ती स्वतः अशीच बघायची.

मग तिला बाकीचंही दिसत गेलं. थोरल्या भावाचं आणि तात्यांचं लग्न एकाच मांडवात लागलं, आणि वाडीत अजून सगळे त्याला ‘थोरल्याचं लग्न’ म्हणत. थोरल्याची विहीर, धाकट्याची नुसती पाण्याची पाळी. थोरला वारला तेव्हा तात्या रडले, आणि पुढच्या नव्याला ताट उचलायला दोन पावलं पुढं आले. तेवढ्यात कुणीतरी तांब्या त्यांच्या हातात दिला आणि ताट पुतण्याला. तो तांब्या देणारी सुलक्षणाच होती. रीतीप्रमाणं दिला. तिला तेव्हा काही वाटलं नव्हतं.

तिनं चहाचा कप खाली ठेवला.

“तात्या, ताट तुमी उचला.”

तात्यांनी पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. “ते थोरल्या पातीचं काम.”

“थोरलीच सांगतीया. मी थोरली सून न्हवं का?”

“उगं लाडीगोडी लावू नगंस. न्हाई म्हनलं ना एकदा.”

पुन्हा लागलं. पण या वेळी ती उठली नाही. अंगणापलीकडं सोनिया बघतेय हे तिला पाठीला कळत होतं, आणि त्याचा मोठा आधार होता. “बरं,” ती म्हणाली आणि बसून राहिली. कोंबडी पायरी चढून आली, कपात डोकावली आणि गेली.

बऱ्याच वेळानं तात्या खाकरले. “ज्ञानूला चालंल?”

सुलक्षणानं आवाज ओळखला. ‘कसा दिला?’ म्हणून विचारतात तो हाच आवाज. नको असलेल्या वस्तूचा भाव कुणी विचारत नाही.

“चालंल की. त्यो तांब्या घिऊन तुमच्या मागं चालंल.”

“आन् तुमी दोघींनी जे केलं ते?”

“आमा दोघींना आज भात न्हाई. तुमी सगळे जेवा, आमी भाकरी खातो. देवीपुढं नाक घासतो दोघी.” सोनियाचं नाकही तिनं परस्पर देऊन टाकलं, आणि त्यात तिला गोडीही वाटली.

तात्या टोपी शोधायला आत गेले.

सुलक्षणा धावत अंगणात आली. विकून तर बसली होती, माल अजून हातात यायचा होता.

“मी तांब्या?” ज्ञानू म्हणाला. “मला न इचारता?”

“आता इचारती की.”

“न्हाई. बाच्या माघारी मी—”

“बरं,” सुलक्षणा म्हणाली. आणि तिथंच उभी राहिली. जाईना. ज्ञानूनं आईकडं पाहिलं. आई गूळ झाकत होती. बंडूकडं पाहिलं, बंडूला टेम्पोचा टायर आठवला. बायको अजून समोरच. लग्नाला एवढी वर्षं झाली, एकदा नाही म्हटलं की ही गाल फुगवून आत जायची. आज ही काय नवीनच रीत?

“आन इकडं तो तांब्या,” तो शेवटी म्हणाला.

*

तात्यांना ताट वाटलं होतं त्यापेक्षा जड लागलं. पान, मूद, थोडं तूप. त्यात जड काय आहे? पण बांधावरून देवळाकडं जाताना ताट सारखं एका बाजूला कलत होतं. मागून ज्ञानू म्हणाला, “तात्या, दमानं.” तात्या म्हणाले, “मला शिकिव आता.” आणि बंडूच्या कानावर जे आलं ते त्याला आयुष्यभर खरं वाटलं नाही, की त्यानंतर म्हातारा काहीतरी गुणगुणत होता.

दोन्ही सुनांनी जननीपुढं नाक घासलं. सुलक्षणानं शेजारी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, सोनियाचं नाक नीट टेकलं की नाही ते. टेकलं होतं.

घरी आल्यावर तात्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, मान हलवली. नवं झालं.

पंगत बसली. बाहेर ओसरीवर तूप-भाताचा घमघमाट, आणि आत चुलीपुढं दोघी जावा, मधे भाकरीची टोपली आणि सकाळचं कालवण.

“वास येतोय का, अक्का?” सोनियानं विचारलं.

“न्हाई,” सुलक्षणा म्हणाली. मग म्हणाली, “येतोय थोडा.”

दोघी हसल्या, हसू थोडं लवकर आवरलं. तेवढ्यात सगुणाबाई आत आली. तिनं चंचीतून किल्ली काढली आणि सोनियाच्या ताटाशेजारी ठेवली. “गाळा तुझा. तपेलीत काय घालायचं ते आता मला इचारून.”

सुलक्षणानं भाकरीचा तुकडा मोडला. मोडून हातात धरून ठेवला. आठ दिवस कानात वाजलेली किल्ली आता फरशीवर गप्प पडली होती, आणि ती तिची नव्हती. तिला वाटलं होतं त्याहून कमी दुखलं. पण दुखलं.

“आन् तू,” सासू तिला म्हणाली, “सोमवारी भोरला जायचं. त्या केटररकडं. इंद्रजितकडं.”

“आत्याबाई, तितं मी जाते की,” सोनिया म्हणाली. “तेला मी किती बारी—”

“तू तेला तांदळाचं सांगतीस. तांदूळ कसा हाय ते तेला ठावं हाय.” सगुणाबाईनं थोरलीकडं पाहिलं. “हिला मानूस कळतंय. आज बघितलं म्या.”

“आन् त्यो न्हाई म्हनला तर?” सुलक्षणानं विचारलं.

“पायरी आसंलच की तितं एखादी. बस.”

सगुणाबाई भात वाढायला बाहेर गेली. कमरेची चंची आता वाजत नव्हती.

सोनियाच्या हातातला घास तोंडापर्यंत जाऊन थांबला होता. किल्ली शेजारीच पडलेली, तिनं अजून उचललीही नव्हती. ती सुलक्षणाकडं बघत होती, हसू राखून, पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी अडकल्यासारखं. ती नजर सुलक्षणाला कुणी समजावून सांगायला नको होती. स्वतःच्या तोंडावर तिनं ती किती दिवस वागवली होती.

तिला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

“भाकरी घे आणखी, सोनिया,” ती म्हणाली आणि टोपली तिच्याकडं सरकवली.

“नको.”

“बरं,” सुलक्षणा म्हणाली, आणि टोपली तिथंच धरून बसली.